छापणाऱ्याचं नाव

आमच्या घरात टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्याची गोष्ट टिळकांपासून सुरू होत नसे. ती केशव महादेव बाळ यांच्यापासून सुरू होई. शाळेच्या पुस्तकात हे नाव मला कधी भेटलं नाही. १८९७च्या सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात टिळकांच्या शेजारी आरोपी म्हणून उभे असलेले दुसरे गृहस्थ म्हणजे हे बाळ. 'केसरी' छापणाऱ्या आर्यभूषण छापखान्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि कायद्याच्या लेखी ते मुद्रक होते. अग्रलेख त्यांनी लिहिला नव्हता, सभा गाजवली नव्हती. अंक त्यांच्या देखरेखीखाली छापला गेला, एवढ्यावर सरकारनं त्यांना टिळकांच्या बरोबरीनं कोर्टात उभं केलं.

माझे पणजोबा त्या वेळी पुण्यात बुधवार पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात जुळारी होते, म्हणजे अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावणारे. आर्यभूषणाशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण छापखान्यातली माणसं एकमेकांना ओळखून असत. बाळांना धरल्याचं कळलं तेव्हा जो तो आपापल्या खिळ्यांच्या केसपाशी गप्प उभा राहिला, असं पणजोबा सांगत. लिहिणाऱ्याला धरतात हे लोकांना ठाऊक होतं. छापणाऱ्यालाही धरतात म्हटल्यावर प्रत्येकाला आपलं घर आठवलं. ही हकिकत पणजोबांकडून आजोबांकडे आली आणि साताऱ्यातल्या आमच्या ओसरीवर, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आजोबांकडून आम्हा नातवंडांकडे. आजोबाही जुळारीच. म्हातारपणी डोळे अधू झाले तरी बोटांना सवय होती. हातात शिशाचा खिळा दिला की नुसतं चाचपून 'क' की 'फ' ते सांगत.

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, सगळ्यात बारीक टाइपात एक ओळ असते: अंक कोणी छापला, कुठं छापला, कोणी प्रसिद्ध केला. वाचक ती वाचत नाहीत. आजोबा मात्र नवा अंक हाती आला की आधी तीच ओळ बघत. १८६७च्या छापखान्यांच्या कायद्यानं ही ओळ सक्तीची केली. मुद्रकानं आणि प्रकाशकानं मॅजिस्ट्रेटपुढं जाऊन लेखी जबाब द्यायचा, की हो, हे पत्र आम्ही छापतो. अंक निघाला की मजकुराचे खिळे सोडून परत खणांत टाकतात, पुढच्या अंकाला तेच लागतात. ही एक ओळ मात्र कोणी सोडत नसे. ती दोऱ्यानं घट्ट बांधून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवलेली असायची, कारण ती दर अंकाला तीच. "ती ओळ बदलायची पाळी आली म्हणजे समजायचं, कोणीतरी आत गेलं," आजोबा म्हणत.

कायद्यातलं दुसरं हत्यार तीनच वर्षांनी आलं. मेकॉलेच्या मूळ मसुद्यात राजद्रोहाचं कलम होतं, पण १८६०च्या दंडसंहितेत ते आलं नव्हतं. १८७०मध्ये १२४-अ म्हणून ते घातलं गेलं. पुढं १८७८मध्ये लॉर्ड लिटननं देशी भाषांतल्या पत्रांपुरता वेगळा कायदा करून पाहिला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. रिपनच्या काळात तो रद्द झाला. १२४-अ मात्र राहिलं.

पण टिळक पहिल्यांदा तुरुंगात गेले ते राजद्रोहासाठी नाही, अब्रूनुकसानीसाठी. आजोबा हा फरक आम्हाला मुद्दाम सांगत, कारण छोट्या पत्राच्या मानगुटीवर बसणारं भूत बहुतेक वेळा हेच असतं. 'केसरी' जानेवारी १८८१मध्ये निघाला, आगरकर संपादक. इंग्रजी 'मराठा' टिळकांकडे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असं दोन्ही पत्रांनी लिहिलं. आधाराला बर्व्यांची म्हणून दाखवलेली पत्रं होती. ती खोटी ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी फिर्याद मागं घेतली गेली नाही. जुलै १८८२मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुढं पुस्तक लिहिलं. महाराजांच्या हालांची काळजी मात्र खोटी नव्हती. १८८३च्या डिसेंबरात अहमदनगरला, देखरेखीखाली ठेवलेले असताना, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला.

या गोष्टीतला आजोबांचा आवडता माणूस टिळकही नव्हते आणि आगरकरही नव्हते. ते होते रामशेठ उरवणे. खटला चालू असताना या दोघा तरुणांसाठी दहा हजारांचा जामीन हवा होता, आणि तो जोतीराव फुल्यांनी आपल्या परिचयातल्या उरवण्यांना सांगून उभा केला. जोतीरावांचे आणि या मंडळींचे विचार किती वेगळे होते हे काय सांगायला हवं! शिक्षण, जात, ब्राह्मणांचं वर्चस्व, कशावरच त्यांचं पटत नव्हतं. तरीही पत्रकार तुरुंगाच्या दारात उभा आहे म्हटल्यावर जोतीरावांनी मतभेद बाजूला ठेवले. दोघे सुटून आल्यावरच्या सत्कारातही सत्यशोधक मंडळी पुढं होती. आजोबा ही गोष्ट सांगताना आवाज चढवत. "पटत नव्हतं, तरी उभे राहिले," एवढं म्हणून ते आमच्याकडे बघत बसत, म्हणजे ते डोक्यात नीट उतरावं.

पुढचा खटला १८९७चा. पुण्यात प्लेग आला, प्लेग अधिकारी रँडच्या हुकमतीखाली सोल्जर घरांत घुसून झडत्या घेऊ लागले, आणि 'केसरी'नं त्यावर सडकून लिहिलं. १५ जूनच्या अंकात शिवाजी उत्सवातल्या भाषणांची हकिकत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारनं लेखणी आणि पिस्तूल यांची सांगड घातली. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली.

जामिनासाठी बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले. खालच्या कोर्टात नाकारला गेलेला जामीन हायकोर्टात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला, आणि मुंबईचे गिरणीमालक द्वारकादास धरमसी जामीनदार झाले. बंगालमधून वर्गणी आली, खटला लढवायला कलकत्त्याहून पग आणि गार्थ हे बॅरिस्टर आले. पुण्याच्या एका मराठी पत्रासाठी कलकत्त्यातल्या माणसांनी खिशात हात घातला, ही गोष्ट पणजोबांना फार मोठी वाटे.

न्यायमूर्ती स्ट्रेचींनी ज्युरीला समजावलं, की सरकारबद्दल प्रेम नसणं हेच या कलमाच्या कक्षेत येतं. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. सहांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅक्समुल्लरसारख्या विद्वानांनी अर्ज केल्यावर ती वर्षभरानं संपली. केशव महादेव बाळ निर्दोष सुटले. पण सुटले म्हणून काही घडलंच नाही असं होत नाही. अटक, जामिनाची धावाधाव, वकील, ज्युरीसमोर काढलेले दिवस, हे सगळं त्या माणसाच्या आणि त्याच्या घराच्या वाट्याला आलंच. पणजोबांच्या पिढीतले छापखानदार त्यातून एक गोष्ट शिकले: निकाल काय लागतो हा पुढचा प्रश्न, खटला हीच शिक्षा असते. १८९८मध्ये कलमाची व्याख्या आणखी रुंद करण्यात आली, तेव्हा या धास्तीला कायद्याचा शिक्काच मिळाला.

१९०८ साली आजोबा नऊ वर्षांचे होते. त्या साली महाराष्ट्रातल्या पत्रांवर जे वादळ आलं ते त्यांनी पोरवयात पाहिलं. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला, दोन इंग्रज बायका मेल्या. बॉम्ब का फुटतो याची मीमांसा 'केसरी'नं केली. १२ मे आणि ९ जूनच्या अंकांतले लेख सरकारनं निवडले. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात टिळकांना पकडलं. या वेळी जामीन मागायला जीना उभे होते, आणि न्यायासनावर बसले होते तेच दावर, ज्यांनी ११ वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागितला होता. त्यांनी जामीन नाकारला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून जास्त. लेख मराठीतले, आणि ज्युरीतल्या सात युरोपियनांपुढं त्यांची भाषांतरं ठेवून निकाल लागायचा होता. उरलेले दोघे पारशी होते. त्या दोघांनी निर्दोष म्हटलं, सात जणांनी दोषी. २२ जुलैला रात्री शिक्षा झाली: सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड.

त्या रात्रीनंतर मुंबईत जे घडलं ते आजोबा सगळ्यात जास्त सांगत. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असे सहा दिवस गिरणी कामगार संपावर गेले. गोळीबार झाला, माणसं मेली. यातल्या कित्येकांना 'केसरी' वाचताही येत नव्हता. कोणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी ती वाचणारी मंडळी. परक्या देशात बसून लेनिननंही या संपाची दखल घेतली. ज्या दालनात हा निकाल लागला तिथं १९५६मध्ये मुख्य न्यायमूर्ती चागलांच्या हस्ते संगमरवरी पाटी लावली गेली. शिक्षा ऐकल्यावर टिळक जे बोलले ते आता त्याच भिंतीवर कोरलेलं आहे. न्यायालयानं स्वतःच्या जुन्या निकालाविरुद्ध आपल्याच भिंतीवर लेख लावावा, याहून मोठी कबुली कोणती?

टिळकांचं नाव राहिलं, म्हणून तो खटला आपल्याला माहीत. पण त्याच सुमारास 'काळ'च्या शिवराम महादेव परांजप्यांना १९ महिन्यांची सक्तमजुरी झाली. नागपूरच्या 'देशसेवक'चे अच्युत बळवंत कोल्हटकर तुरुंगात गेले. कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख आला. त्यापायी संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर आणि त्यांचे सहकारी वामन मल्हार जोशी सक्तमजुरीला गेले. हे वामनराव म्हणजे पुढं 'रागिणी' लिहिणारे. १९०९मध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना कवितांचं एक पुस्तक प्रसिद्ध केल्यावरून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लिहिणारा, छापणारा, प्रसिद्ध करणारा: कायद्यानं सगळ्यांना एकाच दोरीत बांधलं होतं, आणि ते मुद्दाम होतं. लिहायला एखादा धाडसी माणूस कुठंही मिळतो. पण त्याचं छापायला कोणी धजू नये, अशी व्यवस्था केली की धाडस वहीतच राहतं.

१९१०च्या कायद्यानं ही व्यवस्था पक्की झाली. आता खटलाही नको. छापखान्याकडून आणि पत्राकडून रोख जामीन मागायचा, आणि मजकूर आक्षेपार्ह वाटला की तो जप्त करायचा. 'काळ' या जामिनापायी बंद पडला. हा कायदा १९२२मध्ये गेला, पण मिठाचा सत्याग्रह सुरू होताच १९३०मध्ये वटहुकमानं तेच पुन्हा आलं आणि १९३१मध्ये त्याचा कायदा झाला.

इथून पुढची गोष्ट आमच्या घरची. आजोबा तोवर साताऱ्यात एका साप्ताहिकाच्या छापखान्यात होते. १९३०च्या पावसाळ्यात नोटीस आली: हजार रुपये भरा, नाही तर छापखाना बंद. हजार रुपये म्हणजे मालकाच्या छापखान्यातलं सगळं लाकूड-लोखंड विकलं तरी उभे न राहणारे. एका संध्याकाळी बाजारपेठेतले गुळाचे एक अडते छापखान्याची पायरी चढून आले. सगळ्यांना वाटलं, भांडायला आले, कारण महिनाभर आधीच साप्ताहिकानं पेठेतल्या वजनमापांवर लिहिलं होतं आणि त्यात त्यांच्या आडतीचा उल्लेख होता. त्यांनी फडक्यात बांधलेले रुपये मालकांच्या पुढ्यात ठेवले. म्हणाले, "माझ्यावर लिहिलंत त्याचं उत्तर मी तुमच्याच पेपरात छापून आणणार आहे. पेपर बंद पडला तर छापू कुठं?" त्यांचं उत्तर पुढच्याच अंकात सबंध छापून आलं. ते आजोबांनी जुळवलं होतं. "एक अक्षर गाळलं नाही," हे सांगताना त्यांची मान ताठ होई.

तो जामीन वर्षाच्या आत जप्त झाला. अडत्यांनी रुपयांचं नाव कधी काढलं नाही. मालकांनी मात्र हाय खाल्ली. पुन्हा जबाब द्यायचा तर आपल्या नावावर देणार नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांना दोष द्यायला कोणाची जीभ धजली नाही. तेव्हा आजोबा कचेरीत गेले आणि मुद्रक म्हणून स्वतःचं नाव लावून आले. आजीला संध्याकाळी कळलं. ती हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात अभिमान आणि राग दोन्ही असत. "घरात खाणारी तोंडं पाच, आणि हे नाव लावून आले! मी विचारलं, तुमचंच का? तर म्हणाले, कोणाचं तरी लागतंच ना."

झडती आली ती दिवाळीनंतर. पोलिसांनी कागद उचलले, अंक उचलले, आणि जाता जाता खिळ्यांच्या केसेस ओढून जमिनीवर पालथ्या केल्या. ज्यानं छापखान्यात काम केलं आहे त्यालाच कळेल हे काय असतं. मराठीच्या केसेसमध्ये खणच खण; मूळ अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार, सगळं वेगवेगळं, आणि जुळाऱ्याचा हात न बघता नेमक्या खणात जातो. ते सगळं फरशीवर एकत्र झालं की छापखान्याचा जीवच गेला. आजोबांना पोलीस घेऊन गेले. ते परत येईपर्यंत आजी आणि माझी मोठी आत्या रोज दुपारी त्या ढिगापाशी बसून खिळे निवडत. आत्या तेव्हा शाळेत जात नव्हती. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. आत्या अक्षरओळख शिकली ती त्या ढिगातून, उलटी. नंतर पाटीवर सरळ 'अ' काढायला तिला वेळ लागला, पण वाचनात ती सगळ्या भावंडांच्या पुढं गेली. म्हातारपणीही ती सांगायची, "मला वाचायला सरकारनं शिकवलं," आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. ते साप्ताहिक नंतर निघालंच नाही. छापखाना लग्नपत्रिकांवर आणि पावतीपुस्तकांवर जगला.

लग्नपत्रिकांचं निघालं म्हणून गोव्याचंही सांगायला हवं. पोर्तुगिजांच्या राज्यात भारतकार गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी आपल्या 'भारत' पत्रापायी खटल्यामागून खटले आणि कैद सोसली. पुढं सालाझारच्या राजवटीत सेन्सॉरशिप इतकी मुरली की लग्नपत्रिकाही मंजुरीचा शिक्का घेऊन मगच छापायची. आमच्या वडिलांना हे गोव्याहून आलेल्या एका छापखानदारानं सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ डोकं हलवत राहिले. पत्रिका छापून पोट भरावं, एवढीही मोकळीक नाही म्हणजे काय!

वडिलांना स्वतःला त्याची चव १९७५मध्ये कळली. त्यांचं पायानं चालवायचं ट्रेडल छपाईयंत्र होतं आणि तालुक्यातलं एक साप्ताहिक त्यावर छापलं जाई. शेवटच्या ओळीत मुद्रक म्हणून नाव वडिलांचं. आणीबाणी आली आणि अंकाचं प्रूफ आधी दाखवायचा हुकूम निघाला. मी तेव्हा शाळेत होतो. ओल्या कागदावर उठवलेलं प्रूफ घडी न करता दोन्ही हातांवर धरून कचेरीत न्यायचं काम माझ्याकडे असे. परत येताना त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा असत. एकदा पाणीटंचाईची बातमी पूर्ण काटून आली. बातमीत सरकारचं नावही नव्हतं. कुठल्या गावात टँकर आला नाही, एवढंच होतं. वडिलांनी त्या जागी कोरा चौकोन सोडला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, कोरी जागा सोडायची नाही. दिल्लीत 'इंडियन एक्स्प्रेस'नं २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. सरकारनं शहाणपणा करून ती पळवाटही बुजवली होती. साप्ताहिकाच्या संपादकांनी अंक थांबवला. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "खोटं छापण्यापेक्षा पावत्या छापीन."

आजोबा तेव्हा होते. अंथरुणाला खिळले होते, पण कान शाबूत. मुंबई हायकोर्टानं १९७६च्या फेब्रुवारीत मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'ची बाजू उचलून धरल्याची कुणकुण घरी पोहोचली. न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी सांगितलं होतं, की शांततेनं सरकारवर टीका करण्याचा हक्क सेन्सॉरला हिरावून घेता येणार नाही, आणि सगळ्या पत्रांना एकाच सुरात बोलायला लावणं हे त्याचं काम नव्हे. आणीबाणी ऐन भरात असताना आलेला तो निकाल! आजोबांनी वडिलांकडून तो पुन्हा पुन्हा ऐकला. १९०८च्या त्याच हायकोर्टातून हे यावं, याचं त्यांना समाधान होतं.

हे सगळं मी आज का सांगतो आहे? कारण कलमांचे आकडे बदलले, पण त्यांचं काम बदललं नाही. १२४-अ स्वातंत्र्यानंतरही पंचाहत्तर वर्षं टिकलं. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला हिंसाचाराच्या चिथावणीची मर्यादा घातली, तरी ठाण्याच्या पातळीवर ती मर्यादा अनेकदा कोणी वाचलेलीच नसे. २०१२मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला चित्रांवरून या कलमाखाली पकडलं होतं. ११ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं कलम स्थगित ठेवलं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. राजद्रोह हा शब्द गेला, पण कलम १५२ त्याच घरात राहायला आलं, जन्मठेपेच्या तरतुदीसकट. अब्रूनुकसानी फौजदारी गुन्हा राहिलीच, दोन वर्षांच्या कैदेसह. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती घटनेत बसते असं म्हटलं. नुकसान झालं तर भरपाई मागावी, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. लिहिल्याबद्दल माणसाला आरोपी करायचं कारण काय? कोल्हापूर प्रकरणात पत्रं खोटी होती, बर्व्यांवर अन्याय झाला, हे मान्य करूनही मी हे म्हणतो. चूक दुरुस्त करण्याचे मार्ग आहेत. तुरुंगाचं दार उघडं ठेवलं की खरं लिहिणाराही हात आखडता घेतो.

तालुक्याच्या कोर्टात मी हे जवळून पाहिलं आहे. वाळूच्या बेकायदा उपशावर लिहिणारा एक तरुण वार्ताहर, महिन्याचं मानधन मोटारसायकलच्या पेट्रोलात जाणारं. फिर्यादीकडचे वकील तारीख मागत, तारीख मिळत असे. तो दर तारखेला सकाळी साडेदहाला येऊन व्हरांड्यात बसे, कारण पुकारा झाला आणि आरोपी नसला तर वॉरंट निघतं. त्याच्या पत्रानं त्याचं नाव मधल्या काळात पानावरून काढून टाकलं. त्याच्या बाजूनं तिथं कोणी बसलेलं मी क्वचितच पाहिलं. तो शेवटी सुटला. वाळूवर मात्र त्यानं पुन्हा लिहिलं नाही, आणि खटल्याचा हेतू तेवढाच होता.

सिद्दीक कप्पन हे केरळचे पत्रकार ऑक्टोबर २०२०मध्ये हाथरसला बातमीसाठी निघालेले असताना पकडले गेले. कठोर कायद्याची कलमं लागली. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला, पण जामीन मिळाला तरी जामीनदार लागतात, आणि परक्या प्रांतात, अशा खटल्यात, नाव द्यायला कोण पुढं येणार? लखनौ विद्यापीठाच्या माजी कुलगुरू रूपरेखा वर्मा पुढं आल्या. वय जवळजवळ ऐंशी. आपल्या मोटारीची कागदपत्रं त्यांनी कोर्टात दिली. त्या माणसाशी त्यांची ओळखही नव्हती. ही बातमी मी वाचली तेव्हा आजोबा जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण रामशेठ उरवण्यांच्या शेजारी त्यांनी हे नाव लगेच बसवलं असतं, यात मला शंका नाही.

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास आपण संपादकांचा म्हणून शिकतो. मला माझ्या वडीलधाऱ्यांनी तो जबाब देणाऱ्यांचा आणि जामीन राहणाऱ्यांचा म्हणून शिकवला: बाळ, उरवणे, धरमसी, ज्युरीतले ते तीन आणि मग ते दोन, सहा दिवस पगार सोडणारे कामगार, पेठेतले अडते. सरकारं कोणत्याही रंगाची असोत, खटला भरताना त्यांचा हिशेब एकच असतो, की हा माणूस एकटा पडेल. तो हिशेब चुकवणं आपल्या हातात आहे आणि त्यासाठी संपादक असावं लागत नाही. आपल्या गावातल्या वार्ताहराची तारीख कधी आहे ते विचारावं आणि त्या दिवशी व्हरांड्यात त्याच्या शेजारी जाऊन बसावं. त्याची मतं पटत नसली, त्यानं आपल्यावरच लिहिलेलं असलं, तरी बसावं. जामीनदार हवा असेल तर सात-बारा घेऊन जावं आणि नाव घालावं. कोणाचं तरी लागतंच.